आत्या आणि मेंदूतला तुरीचा दाणा

माझी धाकटी आत्या कशावरच विश्वास ठेवत नाही, आणि ज्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवावा असं तिच्यासारखं माणूस अख्ख्या सोलापुरात दुसरं नाही. शरीरातून काढलेले तुकडे तपासून रोग ओळखणारी ती डॉक्टर. ओळखीच्या पेशींचा नमुना शेजारी ठेवल्याशिवाय ती अनोळखी नमुन्याकडे बघत नसे, आणि हा नियम तिने लॅबबाहेरही सोडला नाही. द्राक्षवाला म्हणाला, "गोड हायेत," की ही म्हणणार, "मग आधी आंबट कुठली ते चाखव." पुढेपुढे मंडईतले लोक तिच्यासाठी एक आंबट घड बाजूला काढून ठेवू लागले. माझ्या बहिणीला बघायला आलेली मंडळी "मुलगा फार शांत आहे" म्हणाली, तेव्हा आत्याने विचारलं, "तुमच्यात रागीट कोण आहे? त्यांना जरा पुढं बसवा." सगळ्यांनी एकदम मुलाच्या वडिलांकडे पाहिलं, ते ताडकन उठले, आणि मुलगा हसत बसून राहिला. आत्या आईच्या कानात म्हणाली, "शांत आहे. द्या मुलगी."

मी तेव्हा तिच्या लॅबचं बाहेरचं कामकाज बघत होतो. तुझं काम नेमकं काय, असं विचारलं तर ती लग्नाचं उदाहरण द्यायची. "सगळ्यांनी फेटे बांधले की नवऱ्याचा मामा कोण आणि आचारी कोण, कळतंय का? खिशात बघावं लागतं. मामाकडं आहेराचं पाकीट, आचाऱ्याकडं वेलदोडे. पेशींचं तसंच. वरून सारख्या, आत प्रथिनं वेगळी. त्या प्रथिनालाच चिकटणारं औषध आपण सोडतो. चिकटलं की तिथं तपकिरी रंग चढतो. मग पेशी स्वतःच नाव सांगते."

एकदा माढ्याकडचा एक शेतकरी बहिणीच्या मेंदूतला तुकडा, मेणात बसवलेला, घेऊन आला. बहीण शाळेत शिकवायची. डोकं सारखं दुखायचं म्हणून ऑपरेशन झालं होतं. मेंदूच्या मधोमध, तुरीच्या दाण्याएवढ्या पिनिअल ग्रंथीतली ती गाठ असल्याचा रिपोर्ट आला होता आणि रेडिएशनची तारीखही ठरली होती. आत्याने तपासणी लावली. पण औषध जुनं निघालं, शेजारचा ओळखीचा नमुनासुद्धा पांढराच राहिला. तिने सगळं रद्द केलं आणि पुण्याहून नवी बाटली मागवली.

भाऊ वैतागला. "म्याडम, तारीख जवळ आली की. गाठ हाय का न्हाय, तेवडं सांगा. अंदाजानं तरी."

"अंदाज सांगणारे पुष्कळ आहेत गावात," आत्या म्हणाली. "तुमच्या बहिणीच्या डोक्याचा अंदाज मी करणार नाही."

बर्फात घातलेली बाटली आली. आत्या सकाळी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली ती जेवणाचा डबा तसाच ठेवून. मग मलाच हाक मारली. "बघ. हे सिनॅप्टोफायसिन. ग्रंथीच्या मूळ पेशींचं प्रथिन. हा थर तपकिरी झालाय. पण गाठीतही ते असतंच, म्हणून एवढ्यावर भागत नाही. आता ही दुसरी स्लाइड. जीएफएपी, आधार देणाऱ्या पेशींचं. इथं त्याच्या शेजारचा थर तपकिरी. दोन थर, शिस्तीत एकाला एक लागून. गाठीत अशी शिस्त नसते." मला नुसते चॉकलेटी पट्टे दिसले, पण मी मान हलवली. "ही नुसती पाण्याची पिशवी आहे रे, गाठ नव्हे. तिच्या भिंतीत ग्रंथीच्या साध्या पेशी दबून बसल्यात."

पहिला रिपोर्ट देणाऱ्या डॉक्टरांना तिने स्वतः फोन केला आणि स्लाइड पाठवल्या. त्यांनी बघून लगेच मान्य केलं. रेडिएशन रद्द झालं. भाऊ बातमी ऐकून लॅबच्या पायरीवर बसला आणि टोपी तोंडावर धरून रडला. आत्या आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि त्याच्याशेजारी तशीच उभी राहिली.

आता आत्याने काम थांबवलंय. परवा माढ्याकडच्या त्या शिक्षिकेने आम्हाला तिच्या शाळेत बोलावलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या, आत्याने नारळ घेतला. परतताना एसटीत मी म्हणालो, "बघ, किती छान आहे ती."

"वर्षातून एकदा ती डोक्याचा फोटो काढून घेते, तुला ठाऊकाय?" आत्या म्हणाली. "रिपोर्ट चांगला आला की तिचा भाऊ कळवतो. तो फोन येईपर्यंत मला घास उतरत नाही. माझीच चूक झाली असली तर?"

"पण तुला खात्री होती ना?"

"रिपोर्ट लिहिण्यापुरती होती."

बाहेर ऊस मागे पळत होता. तिने नारळ माझ्याकडे दिला, वारा लागू नये म्हणून पदर डोक्यावरून घेतला आणि विचारलं, "दम लागत नव्हता ना रे तिला, शाळेचा जिना चढताना? तू मागंच होतास."

"नव्हता," मी म्हणालो. "माझ्यापुढं पळत गेली."

"पळत?" आत्याने पुन्हा विचारलं, माझा हात धरला आणि सोलापूर येईपर्यंत सोडला नाही.