मंडळाची तपेली आणि गोजाबाईची मधली खोली

चिंचवडात नदीकडच्या आळीत, घाटापासून चौथं घर सोपानरावांचं. ते दापोडीला एसटीच्या वर्कशॉपात कामाला होते आणि उरलेल्या वेळात ‘पवनाकाठ स्नेहवर्धक मंडळा’चे चिटणीस होते. उरलेला वेळच जास्त असावा, असं त्यांच्या बायकोला, गोजाबाईला, वाटे.

मंडळ सुरू झालं ते घाटावर संध्याकाळी पोहणाऱ्या आठ-दहा जणांचं. मग गणपती आला, मग पंगती, मग रबरी शिक्का. शेवटी मंडळाने भांडी घेतली. माणूस आत बसेल अशी दोन तपेली, चार पराती, दोनशे ताटं, झारे, पळ्या आणि एक जाजम. ठेवायची कुठे, तर चिटणिसांच्या घरी. गोजाबाईला कुणी विचारलं नाही. एका रविवारी ती नदीवरून धुणं घेऊन आली, तर मधली खोली भरलेली.

त्या दिवसापासून पाच वर्षं तिची दोन पोरं ताटांच्या चळतींमधल्या जागेत झोपत होती. बारसं असो, तेरावं असो, माणूस दारात उभा: “वहिनी, मोठं तपेलं द्या.” भांडी परत यायची ती बुडाला करपलेल्या भातासकट. ती राखेने घासायची गोजाबाईने. एकदा एक झारा हरवला, तेव्हा मंडळाने चौकशीला तिघांची समिती नेमली. समिती चार वेळा तिच्याच ओट्यावर बसली, चार वेळा चहा प्यायली. झारा सापडला नाही.

“आवं, दुसरीकडं ठेवा की,” ती म्हणायची.

“बैठकीत विषय घेतो,” सोपानराव म्हणायचे.

छप्पन साली श्रावणात पवनेला पाणी चढलं. दुपारपर्यंत घाटाच्या पायऱ्या गेल्या, मग आळीच्या तोंडाशी पाणी आलं. सोपानराव त्या दिवशी घरीच होते, म्हणजे वरच्या मारुतीच्या देवळात होते. मंडळाची तातडीची सभा चालू होती. मामलेदारांना अर्ज द्यायचा हे ठरलं होतं. त्यावर सही अध्यक्षांची की चिटणिसांची, यावर अडलं होतं.

गोजाबाईने शेजारच्या शालनबाईला देवळात पाठवलं. ती भिजत गेली आणि भिजत आली.

“काय म्हणाले?”

“म्हणाले, ठराव होऊ द्या, मग येतो.”

“ठराव हुईस्तवर तपेलीच वाहत दापोडीला कामावर हजर व्हतील!” गोजाबाई म्हणाली आणि पदर खोचला.

कल्हईवाल्या बरकतची बायको खातूनबी समोरच राहायची. ती न बोलवता आली. या भांड्यांना कल्हई तिच्याच घरी व्हायची, त्यामुळे कुठल्या तपेल्याचा कान हलतो हे तिला पाठ होतं. “ह्याला कानाला नको धरू, खालनं हात घाल,” ती म्हणाली, आणि दोघींनी पहिलं तपेलं उंबऱ्याबाहेर काढलं. मागून आळीतल्या आणखी सात-आठ जणी आल्या. जिला जे झेपलं ते तिने उचललं आणि वरच्या अंगाला, ओळखीच्या घरी नेऊन टाकलं. शेवटची परात बाहेर पडली तेव्हा मधल्या खोलीत गुडघाभर पाणी होतं.

आणि मग गोजाबाईला आठवलं, स्वयंपाकघरातली कणगी. वर्षाची ज्वारी. ती तशीच राहिली होती.

पाणी तिसऱ्या दिवशी उतरलं. ज्वारीला कुबट वास सुटला होता. तिने ती अंगणात पसरली, चिवडून पाहिली आणि गुरांपुढे टाकली. रडली नाही. दात आवळून भिंतीवरचा गाळ खरवडत बसली.

आठवड्याने सोपानराव कागद घेऊन आले. शिक्का मारलेला आभाराचा ठराव होता. मंडळाची मालमत्ता वाचवल्याबद्दल पाच कार्यकर्त्यांचे आभार. त्यांनी तो मोठ्याने वाचला.

“ह्यात माजं नाव कुठं हाय? खातूनबीचं?”

“बायकांची कशी घालणार? तुम्ही सभासद नाही.”

“व्हय?” गोजाबाई म्हणाली. “मग आता भांडी सभासदांनी सांभाळा. ह्या घरात एक पळी बी येनार न्हाई.”

सोपानरावांना वाटलं, राग आहे, दोन दिवसांत उतरेल. तो उतरला नाही. मग अध्यक्ष दौलतराव स्वतः आले. ओट्यावर बसले, घसा खाकरला.

“वहिनी, मंडळाची अडचण समजून घ्या. जागा नाही आमच्याकडे.”

“दादा, तुमच्या माडीवर दोन खोल्या रिकाम्या हायेत.”

“तिथे पाहुणे येतात.”

“माज्याकडं पोरं ऱ्हात्यात,” ती म्हणाली, आणि चहा न विचारता आत गेली. पाच वर्षांत पहिल्यांदाच त्या ओट्यावरून मंडळाचा माणूस कोरडा उठला.

भांडी ज्यांच्या घरी गेली होती तिथेच राहिली; एक तपेलं तेवढं कल्हईला म्हणून खातूनबीकडे आलं. मार्गशीर्षात दौलतरावांच्या मुलीचं लग्न निघालं, तेव्हा चिटणीस म्हणून सोपानराव घरोघर फिरले. प्रत्येक दारात एक बाई उभी राहून विचारायची: परत कधी देणार? घासून देणार ना? खातूनबीने तर तपेलं देण्याआधी बूड दाखवून घेतलं. “बघा, चकचकीत हाय. असंच परत यायला पायजे.”

सोपानराव दिवस मावळताना घरी आले. डोक्यावर परात, दोन्ही हातांत ताटांच्या चळती.

“ह्या बायका म्हणजे!” ते करवादले. “एक परात द्यायची, तर शंभर प्रश्न!”

गोजाबाई भाकरी थापत होती. तिने मान वर केली नाही.

“ते दाराबाहेर ठेवा,” ती म्हणाली, “आन् मग जेवायला या.”