काटा सत्तरवर होता

चौकशीच्या खोलीत मला बसायला खुर्ची दिली होती. अ‍ॅम्ब्युलन्सचे ड्रायव्हर तुळशीरामभाऊ मात्र उभे होते. टेबलावर दोन रजिस्टरं उघडी होती. ट्रस्टचे मॅनेजर माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "मिस्त्री, या गाडीचं मीटर तुम्हीच बसवलं ना? बरोबर आहे ना ते?"

मी म्हणालो, "बरोबर आहे जी."

त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं आणि मी सही केली. तुळशीरामभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. पंधरा मिनिटांत मी परत दुकानात होतो. एका टेम्पोचा हॉर्न वाजत नव्हता, तो पाहायला घेतला.

आता आधीचं सांगतो.

भंडाऱ्याजवळ शहापूरला हायवेवर माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. गाडीची वायरिंग, सेल्फ, डायनामो, लाइट, हॉर्न, मीटर, ही माझी कामं. गोंदिया वेगळा जिल्हा झाला, त्यानंतर काही वर्षांनी आमच्या भागातल्या एका धर्मादाय ट्रस्टनं आपल्या दोन अ‍ॅम्ब्युलन्स वाटून टाकल्या. चांगली तिकडे गेली, जुनी आमच्याकडे राहिली. ती साकोलीला उभी असायची. तिचे ड्रायव्हर तुळशीराम मेश्राम, गाव कारधा. वयानं माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठे. गाडी स्वतः धुवायचे. पेशंट उतरला की मागचा स्ट्रेचर फिनाइलनं पुसूनच घरी जायचे. रिटायर व्हायला त्यांना तीन वर्षं राहिली होती.

त्या गाडीचा गिअरबॉक्स गेला. नवा परवडत नव्हता म्हणून ट्रस्टनं नागपूरच्या जुन्या मालाच्या बाजारातून दुसऱ्या मॉडेलचा गिअरबॉक्स आणला. मेकॅनिकनं तो जुळवून बसवला. गाडी चालायला लागली, पण स्पीडोमीटर बंद पडलं.

असं का होतं ते सांगतो. जुन्या गाड्यांत गिअरबॉक्सपासून डॅशबोर्डपर्यंत एक केबल जाते. गिअरबॉक्स फिरला की केबलच्या आतली तार फिरते, तार फिरली की मीटरचा काटा हलतो. या दुसऱ्या गिअरबॉक्सला केबल लावायची जागाच नव्हती. तिथे सेन्सर होता. सेन्सर तार फिरवत नाही, तो विजेचे बारीक झटके पाठवतो. त्याला आम्ही पल्स म्हणतो. मीटर ते पल्स मोजतं आणि स्पीड दाखवतं. म्हणजे जुनं मीटर बाद, त्या जागी बाजारातलं इलेक्ट्रिक मीटर लावायचं.

चार-पाच महिने गाडी मीटरशिवाय चालली. त्या काळात ट्रस्टच्या एका मेंबरनं तुळशीरामभाऊंना हायवेवर जोरात जाताना पाहिलं आणि त्यांना मेमो मिळाला. नियम ठरला की गाडी साठच्या वर न्यायची नाही. पुन्हा तक्रार आली तर नोकरी गेली. साठ आहे की नाही हे पाहायला मीटर तर हवं, म्हणून गाडी माझ्याकडे आली.

वायरिंग मी मन लावून केली. सेन्सरला तीन वायरी असतात. एक सप्लाय, एक अर्थिंग, एक सिग्नल. सप्लाय मी फ्यूजमधून घेतला. अर्थिंगसाठी बॉडीचा रंग पॉलिश पेपरनं घासून पत्रा उघडा केला, तिथे बोल्ट मारला. सिग्नलची वायर डायनामोच्या वायरीपासून लांब नेली, नाहीतर काटा थरथरतो. सगळीकडे स्लीव्ह चढवली. आजही ती वायरिंग कोणी उघडून पाहिली तर मला लाज वाटणार नाही.

चुकलं ते पुढे. मीटरला सांगावं लागतं की सेन्सर एका फेऱ्यात किती पल्स देतो. कोणता चार देतो, कोणता सहा, कोणता आठ. मीटरच्या मागे बारीक बटणं असतात, त्यावर तो आकडा लावायचा. गिअरबॉक्स विकणाऱ्यानं मेकॅनिकला सहा सांगितलं होतं. मीटर कंपनीतून येतं तेही सहावरच लावून येतं. मी सहा धरले. खरं म्हणजे सेन्सर काढून त्याची दांडी हातानं एक फेरा फिरवायची आणि मल्टिमीटर किती वेळा हलतो ते पाहायचं. दोन मिनिटांचं काम. ते नाही केलं तर निदान हायवेवर गाडी नेऊन किलोमीटरच्या दोन दगडांमध्ये घड्याळ लावून पाहायचं.

मी जॅक लावून मागचं चाक उचललं, इंजिन चालू केलं. काटा झकास चढला. तेवढ्यात मॅनेजर आले. साकोलीला ट्रस्टचा कार्यक्रम होता, गाडी तिथे उभी करायची होती. मी म्हटलं, रोडवर एक चक्कर मारून घेतो. ते म्हणाले, "काटा हलतो ना? मग झालं."

मी जॅक काढला. गाडी गेली.

दहा-बारा दिवसांनी तुळशीरामभाऊ दुकानात आले. एस.टी.नं आले होते. म्हणाले, "मिस्त्री, मीटर जास्त दाखवून राहिलं. काटा साठवर रायते आन् धानाचे भरलेले ट्रक मले ओलांडून जाते."

मी म्हणालो की ट्रकवाले आजकाल कसेही चालवतात.

"तसं नाई गा. इंजिनचा आवाज साठचा नाई वाटत."

गिअरबॉक्स बदलल्यावर आवाज बदलतोच, असं मी त्यांना समजावलं. ते खरंही आहे. पण मी तिथे थांबलो नाही. हसून म्हणालो, "भाऊ, आता तुमचे कान म्हातारे झाले." दुकानात दोन गिऱ्हाईकं होती, तीही हसली. तुळशीरामभाऊ थोडा वेळ बाकावर बसले, पाणी प्यायले आणि गेले. गाडी आणा, पाहून देतो, एवढं माझ्या तोंडून निघालं नाही. त्यांनी मॅनेजरलाही सांगितलं होतं, हे मला नंतर कळलं. मॅनेजर म्हणाले होते की मिस्त्रीला विचारा.

पुढच्या महिन्यात ते झालं. एकोडी गावची एक बाई बाळंतपणासाठी साकोलीला आणली होती. बाळ अडलं. डॉक्टरांनी लगेच भंडाऱ्याला पाठवलं. दुपारची वेळ, रस्ता कोरडा. गाडीत तिचा नवरा विलास आणि तिची आई होती. विलास मागून सारखा ओरडत होता की जोरात घ्या. तुळशीरामभाऊंनी साठचा नियम मोडला आणि काटा सत्तरवर नेला. भंडाऱ्याला पोहोचले. बाई वाचली. मुलगी झाली होती, ती गेली.

विलासनं तक्रार केली की ड्रायव्हरनं मुद्दाम गाडी हळू चालवली. ट्रस्टनं चौकशी लावली. साकोलीच्या रजिस्टरमध्ये निघाल्याची वेळ होती, भंडाऱ्याच्या रजिस्टरमध्ये पोहोचल्याची. तुळशीरामभाऊंनी आपणहून सांगितलं की मी सत्तरनं गाडी नेली, नियम मोडला, त्याची शिक्षा द्या. मॅनेजरनं हिशोब मांडला. सत्तरनं आले असते तर पस्तीस मिनिटांत पोहोचायला पाहिजे होते. लागली होती सत्तेचाळीस.

"मधली बारा मिनिटं कुठे होते?" त्यांनी विचारलं.

"कुठंच नाई जी. काटा सत्तरवर होता."

तेव्हा मीटरवाल्याला बोलवा असं ठरलं. मी गेलो, आणि काय बोललो ते सुरुवातीलाच सांगितलं. त्या खोलीत मला क्षणभर शंका आली होती. ट्रक ओलांडून जातात, हे त्यांचं बोलणं आठवलं होतं. पण तपासून सांगतो म्हटलं असतं तर आधी तपासलं नव्हतं हे उघड झालं असतं. तुळशीरामभाऊंना खोटं बोलण्याबद्दल काढून टाकलं. हळू चालवण्याबद्दल नाही, खोटं बोलण्याबद्दल.

तीनेक महिन्यांनी एक काळी-पिवळी जीप माझ्याकडे आली. तिलाही त्याच बाजारातला तसलाच गिअरबॉक्स होता. तिचं मीटर बसवायला सेन्सर काढला आणि त्या दिवशी का कोण जाणे, दांडी हातानं फिरवली. एका फेऱ्यात मल्टिमीटर आठ वेळा हलला. मी पुन्हा मोजले. आठच.

मी दुकान बंद केलं आणि साकोलीला गेलो. नव्या ड्रायव्हरला सांगितलं की मीटरची एक वायर पाहायची आहे. अ‍ॅम्ब्युलन्सखाली शिरून सेन्सर काढला, फिरवला. आठ. मग त्याला शेजारी बसवून गाडी हायवेवर काढली, काटा साठवर धरला आणि दोन दगडांमधला वेळ घड्याळावर पाहिला. साठच्या स्पीडला एक किलोमीटर एका मिनिटात व्हायला पाहिजे. एक मिनिट वीस सेकंद लागले. म्हणजे काटा साठवर असताना गाडी पंचेचाळीसनं जात होती. आणि त्या दुपारी काटा सत्तरवर होता तेव्हा ती बावन्न-त्रेपन्ननं आली होती. रजिस्टरमधल्या दोन वेळांचा हिशोब बरोबर जुळत होता. नवा ड्रायव्हर म्हणाला, "काका, काय झालं?" मी म्हटलं, काही नाही. गाडी साइडला घेतली आणि बटणं आठवर लावून दिली.

तिथून थेट कारध्याला गेलो. तुळशीरामभाऊ अंगणात सायकलचं पंक्चर काढत होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. त्यांनी ट्यूबवर पॅच दाबून धरला होता, तो तसाच धरून ऐकलं.

"मी तुमाले सांगतलं होतं," ते म्हणाले.

"हो भाऊ."

"आता कोनाले सांगाल?"

मी म्हटलं, मॅनेजरला लिहून देतो.

"द्या. पन आधी एकोडीले जा. थे पोरगं समजते का मी त्याची पोरगी मारली."

मी मॅनेजरकडे आधी गेलो. एकोडीला जायची हिंमत होत नव्हती. पत्रात सगळं लिहिलं, चूक माझी आहे हेही लिहिलं. त्यांनी वाचलं, घडी घातली. मी म्हटलं, साहेब, तुळशीरामभाऊंना परत घ्या. ते शांतपणे म्हणाले, "मीटर आता बरोबर केलं ना? मग विषय संपला. हे बाहेर गेलं तर ट्रस्टवर केस होईल आणि तुमच्यावरही होईल." रोड टेस्ट त्यांनी करू दिली नव्हती, याची मी आठवण दिली. ते म्हणाले, "इलेक्ट्रिशियन मी आहे की तुम्ही?"

मी उठून बाहेर आलो. 

दुसऱ्या दिवशी एकोडीला गेलो. विलास घरीच होता. घरात बाई बसून होती, दारातून दिसत होती. त्यानं मला खाटेवर बसवलं, पाणी दिलं. मी कोण आहे ते सांगितलं आणि मग पल्स, सेन्सर, आकडा असं काहीबाही बोलू लागलो. त्याला त्यातलं काही समजत नव्हतं. शेवटी म्हटलं, "ड्रायव्हरची चूक नव्हती. त्यांनी काट्यावर भरवसा ठेवला. काटा मी चुकीचा बसवला होता."

 तो म्हणाला, "मी त्या मानसाले रस्ताभर शिव्या देल्ल्या."

मग त्यानं विचारलं, "बारा-पंधरा मिनिटं आधी पोचलो असतो त वाचली असती का?"

मी म्हणालो, मला माहीत नाही. डॉक्टरही सांगू शकणार नाहीत.

"मंग मले काहून सांगून राहिले?"

घरातून बाईनं त्याला हाक मारली. तो आत गेला आणि परत बाहेर आला नाही. मी थोडा वेळ थांबलो, मग पाण्याचा गिलास दारापाशी ठेवून निघालो.

केस झाली नाही. ट्रस्टनं मला पुन्हा काम दिलं नाही, ते ठीकच होतं. विलास मात्र एकदा कारध्याला जाऊन आला. काय बोलणं झालं ते तुळशीरामभाऊंनी मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. त्यांना नोकरीवर परत घेतलं नाही. रिटायरमेंटपर्यंतची तीन वर्षं त्यांनी एका राइस मिलवर ट्रॅक्टर चालवून काढली. रस्त्यात दिसले की हात करतात. दुकानाकडे येत नाहीत.

मी आता प्रत्येक सेन्सर हातानं फिरवून पल्स मोजतो, तीनदा मोजतो, मग दगडांमध्ये गाडी चालवून पाहतो. गिऱ्हाईकं कंटाळतात, काही दुसरीकडे जातात. जाऊ देतो. रोज गाडी चालवणारा माणूस मीटरबद्दल काही म्हणत असेल तर आधी मीटर उघडायचं असतं. धंद्यातला हा पहिला धडा आहे. मी तो धंद्यात वीस वर्षं झाल्यावर शिकलो आणि त्याची किंमत दुसऱ्यांनी भरली.