कोण रडतंय, का रडतंय
थर्माकोलचा वास आला की गिंडीतलं ते टीव्हीचं दुकान आठवतं. आमच्या ऐपतीतले दोनच टीव्ही होते. एकाचं चित्र मोठं, दुसऱ्याचा आवाज खणखणीत. अप्पांना ऐकू कमी यायचं, अम्माला दिसायचं कमी. अप्पा म्हणाले, “आवाजवाला घेऊ, तुला ऐकता येईल.” अम्मा म्हणाली, “पोदुम, पुरे. मोठाच घ्या, दिसेल ते मला सांगा.” मोठाच आला. मग रोज संध्याकाळी मालिकेत कोण रडतंय ते अप्पा सांगायचे, आणि अम्मा टीव्हीला कान लावून ऐकायची, का रडतंय ते ओरडून अप्पांना सांगायची. काल पेरुंगुडीच्या माझ्या एकटीच्या फ्लॅटमध्ये नवा टीव्ही खोक्यातून काढला. मालिका लागली. “सासू रडतेय,” मी मोठ्यानं म्हणाले, आणि थांबून राहिले.