डोरीनचं पाइनचं झाड

डोरीन टपेननं तीस वर्षं गावातली बस चालवली. रविवारी मात्र ती पायीच समुद्राजवळच्या पांढऱ्या टेकडीवर चढायची. टेकडी सगळी खडूच्या दगडाची. वर गवताचा पातळ थर. ती दहा वर्षांची असताना शाळेनं मुलांना तिथं पाइनची रोपं लावायला नेलं होतं. डोरीनचं झाड जगलं, उंच झालं. त्याच्या बुंध्याशी बसून ती चहा प्यायची आणि चीजचा पाव खायची.

एका नोव्हेंबरात ती पोचली, तर तिथं सातआठ माणसं करवती घेऊन झाडं पाडत होती.

"अगं ए पोरी, हे काय चालवलंयस?" ती टेकडीच्या राखणदार हॅटीवर ओरडली. "निसर्गासाठी राखीव जागा म्हणता, आणि झाडं तोडता?"

"गवत वाचवायला तोडतोय, डोरीन. सावलीत ते मरतं. या, बसा खाली." हॅटीनं वीतभर गवतावर बोट ठेवलं. "एवढ्या जागेत किती जातींची रोपं असतील?"

डोरीन गुडघे टेकून बसली. नखाएवढी पानं, एकासारखं दुसरं नाही. अठरापर्यंत मोजून ती चुकली.

"मग आमच्या शाळेतल्या बाईंचं चुकलं होतं?"

"त्यांना तेव्हा बरोबर वाटलं."

"आणि तुला आत्ता वाटतंय. उद्या कुणी म्हणालं, परत लावा, तर?"

हॅटी हसली. "तुमचं झाड कुठलं? आज ते राहू दे."

डोरीननं झाडाकडे पाहिलं, खालच्या जमिनीकडे पाहिलं. तिथं गवत नव्हतं, नुसत्या वाळक्या काड्या होत्या. "नको. आत्ताच पाडा. रोज वाट बघायला लावू नका त्याला," ती म्हणाली, आणि आपण असं का म्हणालो हे तिलाच कळेना.

झाड कोसळलं तसा पलीकडे समुद्र उघडा पडला. निळा, थेट क्षितिजापर्यंत. एवढी वर्षं ती त्याच्याकडे पाठ करून चहा प्यायली होती. तिला रडू आलं. ते झाडासाठी की समुद्रासाठी, ठरेना.

पुढच्या मंगळवारी ती स्वतःची करवत घेऊन आली. मग दर मंगळवारी येऊ लागली. काम चोख करायची, आणि चहाच्या वेळी तोच 'परत लावा'चा प्रश्न पुन्हा काढून हॅटीशी भांडायची.