जुन्या जोडीची नोंद

खराडीच्या एका कंपनीने धायरीतल्या माझ्या वर्कशॉपला सुट्या भागांचं काम द्यायचं कबूल केलं, पण एका अटीवर. त्यांची ड्रॉइंग्ज येणार त्या इंटरनेटवर फायरवॉल हवी, आणि ती दोन डिस्कवर चालणारी हवी. एक डिस्क गेली तरी काम थांबता कामा नये. त्यांचा माणूस गुरुवारी चारला बघायला येणार होता.

दहावीनंतर लेथवर उभा राहिलेला माणूस मी. असल्या कामाला कुणाला बोलावत नाही. जुना कॉम्प्युटर होताच; एका दुकानदाराशी तासभर घासाघीस करून दोन वापरलेल्या डिस्क आणल्या. गुरुवारी सकाळी फायरवॉलची सिस्टीम टाकली, एकीवरचं सगळं दुसरीवरही उतरेल अशी जोडी लावली. मशीन पुन्हा चालू केलं, तर पडद्यावर आलं की दुसरी डिस्क वापरता येत नाही.

दुकानदाराला फोन लावला.

"अहो, एवढा भाव पाडल्यावर डिस्कसुद्धा रुसणारच," तो म्हणाला. "नवी जोडी न्या."

"म्हणजे खराब माल दिलात?"

"भंगार समजा. त्याच लॉटमधल्या अजून चार पडल्यात, सगळ्यांना हाच रोग."

फोन असा आपटला की टेबलावरचा चहा सांडला. आजही आठवलं की डोकं तापतं.

केबल बदलून पाहिली. डिस्क फॉरमॅट करून सिस्टीम पुन्हा टाकली. तेच. शेवटी पडद्यावरच्या ओळी एकेक करून वाचल्या, आणि तिथे एका जोडीचं नाव दिसलं. मी दिलेलं नाव ते नव्हतंच.

वर्कशॉपची जागा घेतली तेव्हा हेच झालं होतं. खरेदीखत झालं, ताबा मिळाला, तरी सातबाऱ्यावर नाव जुन्या मालकाचंच. ते निघेपर्यंत तलाठ्याकडे किती खेटे घातले! इथेही तसंच. डिस्क कुठल्यातरी जुन्या जोडीतली होती आणि ती नोंद डिस्कच्या अगदी शेवटच्या टोकाला बसली होती. फॉरमॅट तिथवर पोचतच नव्हता. दोन्ही डिस्कवरची ती नोंद पुसली आणि सिस्टीम नव्याने टाकली. या वेळी दुसरी डिस्क जोडीत आली. अडीचला दोन्ही ठणठणीत.

चारला पाहुणा आला. त्याच्यासमोर मी चालू मशीनमधून पहिल्या डिस्कची केबल उपटली. तो दचकला. इंटरनेट मात्र चालूच राहिलं.

"सोमवारी ड्रॉइंग्ज पाठवतो," तो म्हणाला.

तो गेल्यावर तडक दुकानात गेलो.

"त्या चार भंगार डिस्क आहेत ना? भंगाराच्या भावात द्या."

"न्या की. काय करणार त्यांचं?"

"रुसवा काढतो."

तो हसत आत गेला. मी हाक मारली, "अहो, काटा मात्र माझ्यासमोर लावा."