वरच्या मजल्यावरच चालणारा कॉम्प्युटर

रियाधमध्ये इतकी वर्षं राहून काय शिकलीस, असं मला कुणी विचारलं तर मी सांगते, कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय कसा चालतो ते शिकले. लोकांना वाटतं, बाईला भारी हौस. हौस कसली डोंबलाची? जळफळाट होता नुसता.

अल मलाझमधल्या आमच्या जुन्या इमारतीत, आमच्या बरोबर वरच्या फ्लॅटमध्ये, नागपूरची एक बाई राहायला आली. नोकरी आयटीतली. नवरा यान्बूला रिफायनरीत, त्यामुळे घरात एकटीच असायची. मूलबाळ नाही. स्वभाव लाघवी, हेही मी कबूल करते, न करून जाते कुठे? महिन्याभरात माझी पंधरा वर्षांची लेक तिला मावशी म्हणायला लागली. माझी सख्खी बहीण सोलापूरहून फोन करते तेव्हा हीच मुलगी "हाय मावशी" एवढं म्हणून फोन माझ्या हातात कोंबते.

दोघींनी मिळून कॉम्प्युटर जोडायला घेतला. कुणीतरी टाकून दिलेला कॅबिनेट मिळाला, बाकीचे भाग बाजारातून आले. लेक शाळेतून यायची, चार घास गिळायची आणि वर पळायची. मी काही विचारलं तर उत्तर इंग्रजीत आणि तेही एका शब्दात. "फाइन." "लेटर." आणि वर? वर चक्क मराठी! "अगं मावशी, उलटं लावलंस तू ते!" आणि मग दोघींचं खिदळणं. हे मी जिन्यात कचऱ्याची पिशवी हातात धरून ऐकलं. पिशवी टाकायला खाली जायचं असतं, वर नाही, हे मला ठाऊक आहे. पण मी वरच गेले होते.

कॉम्प्युटर तयार झाला आणि खाली लेकीच्या खोलीत आला. बटण दाबलं. पंखा जरासा हलला आणि गप्प. वर नेला, तर लगेच सुरू. पुन्हा खाली आणला, पुन्हा मेला. शेवटी तो वरच राहिला आणि त्याच्या मागोमाग माझी लेकही. अभ्यास वर, गप्पा वर, कधीकधी जेवणही वर. त्या बाईनं हिला घराची किल्लीसुद्धा देऊन टाकली.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "बरंच झालं की. घरात पसारा कमी." हा माणूस बँकेत जोखीम मोजायचं काम करतो.

मग मी पदर खोचला. ती एवढी हुशार, तर आपणही कमी नाही. घर रिकामं झालं की मी मोबाइलवर व्हिडिओ लावून बसायची. हिंदीतले, इंग्रजीतले, एक तर अरबीतलाही, नुसती चित्रं बघून. भिंतीतली वीज सेकंदाला कितीतरी वेळा दिशा बदलते आणि कॉम्प्युटरला ते चालत नाही, त्याला एकाच दिशेची आणि अगदी कमी दाबाची वीज लागते. ते काम पॉवर सप्लाय नावाचा हा पत्र्याचा डबा करतो. कुठे बारा व्होल्ट, कुठे पाच, कुठे तीन पॉइंट तीन. आधी स्वतःची तपासणी करतो आणि सगळं ठीक आहे असं कळवतो. तोवर कॉम्प्युटर हलत नाही. शिवाय वायर काढली तरी आतल्या कपॅसिटरमध्ये वीज मुरून राहते, म्हणून डबा उघडायचा नाही. हे कळल्यावर मला तो डबा एकदम आपला वाटला. वरून थंड, आतून भरलेला.

आमच्या माळ्यावर नवऱ्याचा जुना कॉम्प्युटर पडून होता. त्यातला डबा मी चार स्क्रू काढून बाहेर घेतला. व्हिडिओत एक युक्ती होती: हिरवी वायर आणि काळी वायर तारेनं जोडायची, की डबा कॉम्प्युटरशिवाय चालू होतो. मी केसांतला आकडा काढला, सरळ केला, ओट्यावर डबा ठेवला आणि मिक्सरच्या सॉकेटला लावला. आकडा खुपसला. पंखा फिरला! मी एकटीच स्वयंपाकघरात ओरडले. बघायला कोणी नव्हतं. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, इथे तर गिऱ्हाईकच वरच्या मजल्यावर गेलेलं.

तोच डबा मग लेकीच्या खोलीत नेला. पंखा जरासा हलला आणि गप्प. अगदी तिच्या कॉम्प्युटरसारखा.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. इथल्या जुन्या घरांत दोन प्रकारची वीज असते. स्वयंपाकघरात आणि एसीला दोनशेवीस, बाकी खोल्यांत एकशेदहा. भारतातून आणलेला मिक्सर एकशेदहाला लावला की तो नुसता कण्हतो, हे इथे नवी आलेली प्रत्येक बाई पहिल्या चटणीला शिकते. पण मोबाइल, लॅपटॉप दोन्हीकडे चालतात, त्यामुळे कॉम्प्युटरचा कुणाला संशयच आला नाही. डब्याच्या मागे एक लाल खटका होता, त्यावर २३० लिहिलेलं. म्हणजे याला दोनशेवीसच्या आसपासची वीज हवी, आणि लेकीच्या डब्याचंही तेच असणार. वरचा फ्लॅट मालकानं नव्यानं केलेला, तिथे सगळीकडे तीच वीज. खटका सरकवून एकशेदहाचं करता आलं असतं, पण मग चुकून कुणी दोनशेवीसला लावला तर फटाकाच. त्यापेक्षा सॉकेट बदलणं सोपं.

मला इतका आनंद झाला की मी त्या संध्याकाळी शिरा केला. आयटीतल्या बाईला जमलं नाही ते मला जमलं होतं. आता मुलगी खाली येणार होती.

शुक्रवारी दुपारी ती बाई बाहेर गेली होती. मी लेकीला म्हटलं, "तुझा कॉम्प्युटर खाली आण. एक गंमत दाखवते." ती कुरकुरली, पण आणला. मी स्वयंपाकघरातून लांब एक्स्टेंशन ओढून ठेवलं होतं. लावलं, बटण दाबलं. पडदा उजळला. मी दोन्ही हात कमरेवर ठेवून एकशेदहा, दोनशेवीस, लाल खटका, सगळं घडाघडा सांगितलं.

ती पडद्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आय नो, आई."

"काय नो?"

"मी पहिल्याच आठवड्यात एसीच्या सॉकेटला लावून बघितलं होतं. चालला होता."

माझे हात कमरेवरच राहिले. "मग सांगितलं का नाहीस?"

"तू खालीच ठेवायला लावला असतास."

"त्यात काय वाईट होतं? काय आहे असं त्या मावशीकडे? सगळं येतं तिला म्हणून?"

"तिला काहीच येत नाही गं," लेक म्हणाली. मराठीत म्हणाली, हळूच. "तिला फक्त सॉफ्टवेअर येतं. आम्ही दोघी चुकतो, मग शोधतो, पुन्हा चुकतो. मजा येते. तू सगळं आधीच शोधून ठेवतेस, आई. आत्ताही ठेवलंस. मग मी काय करू?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. इतके दिवस मी त्या बाईच्या हुशारीवर जळत होते, आणि आता तिच्या न येण्यावर जळू लागले. हे तर व्हिडिओ बघून शिकताही येत नाही.

मग मी वायर काढली आणि कॅबिनेटची एक बाजू उचलली. तिनं दुसरी धरली. जिन्याच्या वळणावर ती म्हणाली, "सांभाळ," आणि मी सांभाळलं.

बाई नुकतीच परतली होती. दार उघडून, हातातली पिशवी खाली ठेवत तिनं विचारलं, "का हो ताई, आजही नाही चालला का खाली?"

लेकीनं माझ्याकडे पाहिलं.

"नाही हो," मी म्हणाले. "काय झालंय, मला काही कळत नाही."

"या ना मग आत, बघू तिघी मिळून," ती म्हणाली, आणि माझा जीव असा जळला की विचारू नका. पण मी चप्पल काढली.