नवीन काय जाणवलं?

"हिला पुढं उभी करा. हिची चाल बघा, किती नैसर्गिक आहे."

आमच्या शाळेच्या मेधाताई पाहुण्यांना म्हणाल्या. माझ्यासमोर. माझ्या डोक्यावर भरलेली घागर होती. मान हलवता येत नव्हती, म्हणून मी नुसती समोर बघत राहिले. पाहुण्यांनी मोबाईल वर धरले.

मी आठवीत होते. माझ्यामागं रांगेत माझ्या वर्गातली मुलं, ट्रॅक पँट आणि टी-शर्टमध्ये. काष्टा फक्त मला नेसवलेला. माझी आई गोल साडी नेसते. आमच्या वस्तीवर काष्टा नेसणारी एकही बाई उरली नव्हती. घागर पितळेची, घासून लख्ख केलेली. आमच्याकडं प्लॅस्टिकच्या घागरी. पितळेची फोटोत बरी दिसते, म्हणून शाळेनं मुद्दाम आणलेली.

"आता चाल. घरी चालतेस तशी," मेधाताई म्हणाल्या.

मी चालले.

शाळा साताऱ्याजवळ, डोंगराच्या पायथ्याला. राहायची शाळा. मी जत तालुक्यातली, कर्नाटकाच्या हद्दीजवळच्या एका वस्तीवरची. आम्ही मेंढरंवाले. दिवाळी झाली की आबा, माझे वडील, मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला उतरायचे, ते पावसाळ्याच्या तोंडाला परत यायचे. गावातल्या गुरुजींनी माझं नाव सुचवलं आणि त्या शाळेनं मला फुकट घेतलं.

शाळा वाईट होती असं मी म्हणणार नाही. तिथं छडी नव्हती. सर, बाई म्हणायचं नाही. ताई, दादा म्हणायचं. तिथं मी पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकातून कांद्याचा पापुद्रा बघितला, मग दोन दिवस दुसरं काही सुचलं नाही. गणिताचे दादा मैदानावर दोरी ताणून त्रिकोण आखायला लावायचे. सगळं करून बघायचं, अनुभवातून शिकायचं. हे ऐकून मला तर आनंदाच्या उकळ्या फुटायच्या. अनुभव माझ्याकडं लय हाय, म्हणजे हितं मी मागं पडत न्हाई, असं वाटायचं.

त्या वर्षी विषय आला दुष्काळ.

मेधाताईंनी सांगितलं, पाण्यासाठी पायपीट करणाऱ्या बायांचं जगणं आपण स्वतः जगून बघू. शाळेच्या विहिरीवर घागरी भरायच्या, मैदानाला फेऱ्या मारायच्या, झेंड्याच्या खांबापाशी थांबायचं. सगळी थांबली. ताईंनी टाळी वाजवली.

"छान! झालं. आता ओता."

मुलांनी घागरी उलट्या केल्या. मैदानात चिखल झाला. त्यात दोघंतिघं मुद्दाम घसरली, सगळी हसली. माझी घागर अजून डोक्यावरच होती.

"ओत की," मागचा मुलगा म्हणाला.

मी ओतली. पाय भिजले. आक्का बघते की काय असं वाटून मी मागं वळून बघितलं.

आक्का माझी थोरली बहीण. आमच्याकडं टँकर यायचा तो शाळेच्या वेळेत, आणि कवा येईल त्याचा नेम नाही. आई रोजगारावर. घरात एकीनं थांबायलाच लागायचं. आक्का थांबली. सातवीतनं निघाली ती निघालीच. टँकर आला नाही की खालच्या ओढ्यातल्या झऱ्यावर जायची. माझ्यापेक्षा हुशार होती. माझे पाढे तिनंच घेतले, चुलीपुढं बसून. आता तिला हाक मारली तर नुसती मान वळत नाही, अख्खी आक्का वळते.

फेऱ्या झाल्यावर आम्ही गोल करून बसलो. एकेकानं बोलायचं.

"मला खूप शांत वाटलं," एक मुलगी म्हणाली. "मेडिटेशनसारखं."

"नळाची किंमत कळली," दुसरा म्हणाला. टाळ्या.

माझी पाळी आली. मी म्हणाले, "माझी आक्का पाण्यापायी शाळेतनं निघाली. तिची मान..."

"थांब हं," मेधाताई अगदी मायेनं म्हणाल्या. "ते दुःखाचं आत्ता नको. आजच्या अनुभवातून तुला नवीन काय जाणवलं, ते सांग."

"नवीन काय न्हाई, ताई."

सगळी हसली. ताईसुद्धा हसल्या. "बरोबर आहे. तुला यातून शिकण्यासारखं काही नव्हतंच. मग तू इतरांना शिकव."

मला तो मान वाटला. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं.

मग पाहुणे यायला लागले. पुण्याचे, मुंबईचे, दुसऱ्या शाळांचे. आले की मला वर्गातनं बोलावणं. काष्टा नेसायचा, घागर उचलायची, चालून दाखवायचं. गणिताचा तास चालू असायचा, मी मैदानात. त्रिकोण संपले, वर्तुळ आलं. चाचणीत मला काही येईना. दादांनी विचारलं, "तू तासाला नव्हतीस का?"

"घागर घेऊन हुते, दादा."

ते खाली बघून पुढच्या मुलाकडं वळले. तिथंच उभ्या उभ्या मला कळलं. आक्काची शाळा पाण्यानं गेली. माझी पण पाण्यानंच चाललीय. फरक एवढाच, की माझ्या पाण्याला टाळ्या पडतात.

मग पालकांचा मेळावा झाला. आबा मेंढरांमागं होते, ती दुसऱ्यावर सोपवून आले. येताना आक्काला घेऊन आले. आक्का पहिल्यांदा माझी शाळा बघत होती. खुर्चीच्या कडेला टेकून बसलेली, नवी साडी सारखी नीट करत. मी काष्टा नेसून, घागर घेऊन मैदानात आले, तशी तिच्या तोंडावरची हौस उतरली. ती मला शिकताना बघायला आली होती.

मेधाताईंना कुणीतरी सांगितलं, ही हिची बहीण. त्यांनी माईकवरनं हाक दिली. "आणि आज आपल्यात खरीखुरी पाणी वाहणारी एक मुलगी आलीय! ये गं पुढं. मान कशी धरायची, ते दाखव सगळ्यांना."

आक्का अख्खी वळली. आबांकडं बघितलं. आबा म्हणाले, "जा, बाई म्हणत्यात तर."

ती उठली. लाजत, हसत पुढं आली. एका दादांनी भरलेली घागर तिच्यापुढं धरली. आक्कानं पदराची चुंबळ केली, घागर डोक्यावर घेतली आणि मान सरळ करताना तिचे डोळे गच्च मिटले. मी ते बघितलं. हातभर अंतरावरनं.

मी माझी घागर खाली ठेवली, मग आक्काची उतरवली.

"आक्का, जा. खाली बस."

"अगं, काय झालं?" मेधाताई माईक बाजूला धरून म्हणाल्या.

"ही उचलणार न्हाई. मी पण न्हाई."

"अगं, हा तिचा सन्मान आहे."

"सन्मान करायचा तर तिला वर्गात बसवा. सातवीच्या म्होरचं शिकवा."

माझा आवाज फाटला होता. माईक चालूच होता, त्यातनं तो सगळ्या मैदानाला ऐकू गेला. पाहुण्यांतलं कुणीतरी हळू म्हणालं, "किती ॲग्रेसिव्ह!"

नंतर मला सांगितलं, सगळ्यांसमोर गोलात बसून माफी माग. शाळेच्या भावनेला तू धक्का लावलास. आबा म्हणाले, "म्हण की गं सॉरी. काय जातंय?" मी म्हणाले नाही. हाकलणार कुणी नव्हतं, त्या शाळेत तसं करत नाहीत. माफी मागेपर्यंत गोलात जागा नाही, एवढंच. मी पेटी भरली.

वाटलं होतं, आक्का पाठीवरनं हात फिरवील. एसटीत ती खिडकीकडं तोंड करून बसली. मी हात धरला तर झटकला.

"सगळ्यांम्होरं मला खाली बसीवलंस. दाखवू द्यायचं हुतंस. मला तेवढंच येतंय."

मी माझा हात परत मांडीवर घेतला.

कऱ्हाड मागं पडलं. दोन्ही बाजूंना ऊस, पाण्यात उभा. पाटाचं पाणी रस्त्यावर आलेलं. कृष्णेचा पूल आला. येताना आक्कानं हे सगळं रात्रीच्या अंधारात ओलांडलं होतं. आक्का बराच वेळ बघत होती. मग स्वतःशीच म्हणाली, "एवढं पाणी हाय व्हय हितं? मग आमच्याकडं का न्हाई?"

इतके दिवस त्या शाळेत दुष्काळ शिकवला. घागरी आणल्या, काष्टा आणला, शांत वाटून घेतलं. हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मीसुद्धा नाही. सातवी सुटलेल्या पोरीनं एसटीच्या खिडकीतनं विचारला. तवा मला कळलं, की नुसतं सोसण्याला अनुभव म्हणत नाहीत आणि सोसण्याची नक्कल करण्याला तर नाहीच. सोसणाऱ्यानं 'का' म्हणून विचारलं की तिथनं शिक्षण सुरू होतं. तो 'का' गिळायला लावणारी शाळा कितीही गोड बोलली, तरी ती माझी नाही.

मी गावाकडच्या हायस्कुलात शिकले, डी.एड. केलं. आक्का पुन्हा शाळेत गेली नाही. तिचं लग्न झालं, ते गावही कोरडंच आहे.

आज मी पलूस तालुक्यात शिकवते. हंगामात ऊसतोडीची बिऱ्हाडं येतात. त्यांची पोरं माझ्या वर्गात बसतात, पहाटे उसाच्या फडात जाऊन आलेली, डोळ्यांत झोप घेऊन. परवा बैठक झाली. शाळेत कार्यक्रम ठेवायचा ठरला. शिक्षण खात्यातनं, वरून आलेले साहेब म्हणाले, "मॅडम, तुमच्याकडं तोडीची मुलं आहेत ना? एखाद्या मुलीला कोयता देऊन तोडणी दाखवायला लावा. जिवंत अनुभव! व्हिडिओ छान होईल."

"न्हाई लावणार," मी म्हणाले.

"अहो, कार्यक्रमपत्रिकेत आलंय ते."

"मग काढा. तिला फडात काय येतंय ते तिला ठाऊक हाय. माझ्याकडं ती अपूर्णांक शिकायला येती. तिला फडाबद्दल बोलायचं असलं तर ती बोलंल, तिच्या मनानं. आणि ती जे विचारंल त्याचं उत्तर तुमाला द्यायला लागंल."

मुख्याध्यापकांनी नंतर कोपऱ्यात घेऊन सांगितलं, बदली होईल, जपून राहा. होऊ दे.

सोमवारी साहेब येणार आहेत. तोडीवाल्यांची एक पोरगी फळ्यापाशी उभी असेल, हातात खडू घेऊन. अडखळली तर अडखळेल, चुकली तर पुसून पुन्हा मांडेल. साहेबांना थांबायला लागलं तर थांबतील. कोयता मी उंबऱ्याच्या आत येऊ देणार नाही.